जे ओलं ते संशयाचं

२ मार्च

ही वही माशांसाठी आणली आहे. मनातलं लिहून काढायला मी काही सोळा वर्षांची नाही. पण तीस वर्षं वॉर्डात चार्ट भरले, शेवटची बारा मेट्रन म्हणून, त्यामुळे हातात पेन आलं की नुसते आकडे लिहून थांबणं मला जमत नाही हेही माहीत आहे. उतरेल ते उतरेल.

ह्यांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई आज म्हणाल्या, नजरेसमोर सतत हलणारं काहीतरी हवं. झटका येऊन आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिला तो डावा हात, डोळे आणि 'अं' एवढा एक आवाज. त्या 'अं'चे अर्थ लावण्यात माझा दिवस जातो. पाणी, कूस, पंखा, लघवी. बहुतेक वेळा बरोबर लागतो.

"टीव्ही लावू नका हं," बाई म्हणाल्या. "त्यात नजर फिरत नाही, नुसती चिकटून बसते."

मी म्हटलं, "टीव्ही कशाला? घरात समुद्र आहे की."

पलंगासमोर भिंतभर टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. ह्यांनी पाणीपुरवठ्यात नोकरीला असताना स्वतःच्या हातांनी उभी केली. एके काळी नऊ मासे होते. हे हॉस्पिटलात होते तेव्हा इथे टाकीकडे बघायला कुणी नव्हतं. परत आलो तर उरली होती एकटी निळी. चौदा वर्षांची आहे, तळहातापेक्षा थोडी मोठी, शेपूट पिवळी. हे तिच्याकडे बघतात, ती काचेला तोंड लावून ह्यांच्याकडे. पण एकटा जीव फिरून फिरून किती फिरणार? दुपार झाली की ती दगडाआड जाऊन बसते आणि हे छताकडे बघत राहतात. छताकडे बघणारे पेशंट मला आवडत नाहीत. ते टिकत नाहीत.

म्हणून दोन नवे आणायचे ठरवलं आहे. निळीला सोबत आणि ह्यांच्या डोळ्यांना काम.

४ मार्च

आणले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं जोडपं, बोटाएवढं. दुकानदार म्हणाला, "एकदम तब्येतीत आहेत ताई, खुशाल सोडा टाकीत."

मी म्हटलं, "दिसायला तब्येतीत म्हणजे काय असतं ते मला नका सांगू. दिसायला ठणठणीत माणसं मी क्षयाच्या वॉर्डात भरती करून घेतली आहेत." बिचारा पिशवीला रबर लावायचं विसरला.

नव्या माशाबरोबर येतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा किडा. माशाच्या अंगावर मिठाचा कण बसल्यासारखा दिसतो. पोट भरलं की गळून पडतो, मिळेल त्या कठीण जागेला चिकटतो, वर कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटलं की ते शेकडो पुन्हा मासा शोधत सुटतात. एकदा मोठ्या टाकीत शिरला की काढणं म्हणजे वाळूतून साखर वेचणं. औषध एकच, तांब्याचं. ते मोठ्या टाकीत घालता येत नाही, कारण दगडांवरची पोवळी वगैरे सगळं त्याने मरतं. म्हणून नवा मासा आधी दीडेक महिना वेगळा. आमच्या भाषेत आयसोलेशन.

मागच्या खोलीत काचेची लहान टाकी लावली. तिची जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा, सगळ्यावर लाल पट्टी चिकटवली. लाल पट्टीची वस्तू मागच्या खोलीचा उंबरा ओलांडणार नाही. हे नेहमी म्हणायचे, "जे ओलं ते संशयाचं." आज सगळं लावून झाल्यावर ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "जे ओलं ते संशयाचं, बरोबर ना?" ह्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हसले. नक्की हसले.

६ मार्च

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सकाळी दार उघडते तर धाकटी उभी. माझी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. हातात एक पिशवी, पायात घरातल्या सपाता. "थोडे दिवस राहू का ताई?" म्हणाली. मी म्हटलं, राहा, पण भांडून आली असशील तर मला दोन्ही बाजू ऐकायच्या नाहीत, मला वेळ नाही. ती म्हणाली, भांडण नाही झालं.

दंडावर चार निळे डाग आहेत, ओळीने. विचारलं तर म्हणाली जिन्यात पडले. पडली असेल. लहानपणापासून धांदरट, चालताना जमिनीकडे बघायची नाही. डागांवर बर्फ लावून दिला.

झोपायला जागा एकच, मागची खोली. तेव्हा दोन मासे आणि धाकटी, तिघंही आयसोलेशनमध्ये. हे तिला सांगितलं तर ती हसली आणि मग रडली. मला रडणाऱ्या माणसांपुढे काय करावं कळत नाही. वॉर्डात निदान हातात काहीतरी काम असायचं.

१० मार्च

धाकटी कामाची आहे, हे कबूल केलं पाहिजे. ह्यांना भरवते. माझ्या हातून एक घास जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिच्या हातून तीन जातात. मी चमचा तोंडाशी धरून वाट बघते. ती काहीतरी बडबडत असते आणि घास कधी गेला ह्यांनाच कळत नाही. दुपारी ह्यांच्या उशाशी बसून निळीच्या गोष्टी सांगते. "भाऊजी, बघा, आज बाईसाहेब रुसल्यात."

टाकीला मात्र तिने हात लावायचा नाही, कुठल्याच टाकीला, हे निक्षून सांगितलं आहे. ती "हो ताई" म्हणते. सगळ्यालाच "हो ताई" म्हणते. कधी कधी वाटतं, जरा तरी हुज्जत घाल गं.

१४ मार्च

नव्यांपैकी लहानग्याच्या कल्ल्याजवळ एक कण दिसला. भिंगातून पाहिला, ठिपकाच असेल असं नाही, वाळूही असेल. पण शंकेला औषध नाही आणि किड्याला आहे. आजपासून मागच्या टाकीत तांबं सुरू. रोज नळीत पाणी घेऊन मोजायचं. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. मला अशी कामं आवडतात.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. "त्यांना त्रास होतो का गं औषधाचा?" मी म्हटलं, "थोडा होतो. बाहेर काय आहे त्याच्यापेक्षा कमी."

१८ मार्च

आज जावईबापू आले. म्हणजे धाकटीचा नवरा. मी त्याला तोंडावर मेहुणे म्हणते आणि पाठीमागे जावईबापू, कारण रुबाब तसाच असतो. पण आज रुबाब नव्हता. दाराबाहेर बूट काढले, न सांगता आधी हात धुतले, साबण लावून, मनगटापर्यंत. मी मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. ह्यांच्या पायाला हात लावला. धाकटीला फक्त म्हणाला, "बरी आहेस ना?" आवाज एवढा मऊ की मलाच बरं वाटलं. माणूस स्वच्छ आहे, बोलायला नेमका आहे. नवरा-बायकोत भांड्याला भांडं लागतंच.

धाकटी भिंतीला पाठ लावून उभी. ना चहा विचारला, ना काही. शेवटी मीच केला.

रिकाम्या हाताने नाही आला. पाण्याच्या पिशवीत सहा समुद्री गोगलगायी, छान, शंकूसारख्या कवचाच्या. "ताई, भाऊजींच्या टाकीची काच हिरवी झालेली मागच्या वेळी पाहिली होती. ह्या शेवाळ खातात. दुकानात माशांच्याच टाकीत होत्या, तिथली काच कशी चकाचक होती." एवढं लक्षात ठेवून कोण आणतं हल्ली? मासे तर नव्हेत, तेव्हा आयसोलेशनचा प्रश्न नव्हता. तिथल्या तिथे सोडल्या मोठ्या टाकीत. एक लगेच काचेवर चढायला लागली.

मधेच ह्यांनी गोंधळ घातला. "अं, अं, अं," डाव्या हाताने पलंगाचा दांडा बडवायला लागले. पाणी दिलं, पेला उडवून लावला. कूस बदलली, पंखा लावला, बंद केला. काही नाही. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, भाऊजी टाकीकडे बघतायत." मी म्हटलं, "बघू देत, त्यासाठीच आहे ती." आपली अशी अवस्था साडूने पाहावी हे ह्यांना सोसलं नसणार. स्वाभिमानी माणूस. मला फार वाईट वाटलं.

जाताना जावईबापू मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिची समजूत काढा ताई. घर खायला उठतं." डोळे भरले होते.

१९ मार्च

हे रात्रभर शांत नाहीत. आज दिवसभर तेच. टाकीकडे बोट, दांड्यावर हात, "अं, अं." घाम फुटलेला. निळी तर मजेत फिरत होती, काच चकाचक होत होती, आता आणखी काय हवं? डॉक्टरांनी लिहून ठेवलेली झोपेची गोळी अर्धी दिली. मग झोपले.

धाकटी म्हणाली, "त्यांना काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "मलाही पुष्कळ सांगायचं असतं गं, ऐकतं कोण?"

२६ मार्च

सगळं सुरळीत. गोगलगायींनी काच अशी केली आहे की टाकीत काच आहे हेच कळू नये. जावईबापूला फोन करून सांगितलं. तो रोज फोन करतो, मला, तिला नाही, कारण ती घेत नाही. मी तिला समजावलं. म्हटलं, तुझं घर आहे, किती दिवस मागच्या खोलीत राहणार? ती कपड्याच्या घड्या करत होती. म्हणाली, "हे मासे बाहेर निघेपर्यंत राहू दे ताई. त्यांच्याबरोबरच निघेन." मी म्हटलं बरं.

हे आता दांडा बडवत नाहीत. गोळीची गरज पडत नाही. टाकीकडे बघतात आणि बघता बघता डोळ्यांतून पाणी येतं. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, झटक्यानंतर असं होतं, भावना आवरत नाहीत.

२ एप्रिल

निळी दगडाला अंग घासते आहे.

सकाळी दोनदा पाहिलं. एका कुशीवर पडून झर्रकन घासून जाते, खाज सुटल्यासारखी. दुपारी भिंग घेऊन बसले. पाठीच्या परावर तीन, शेपटीच्या मुळाशी पाच-सहा. मीठ भुरभुरावं तसं. कल्ले भराभर उघडझाप करताहेत.

माझ्या टाकीत. लाल पट्ट्या, वेगळी जाळी, वेगळी बादली, आणि तरी माझ्या टाकीत. वॉर्डात एकदा जखमांचा संसर्ग पसरला होता. तेव्हा एक नर्स हात न धुता पलंगावरून पलंगावर गेली होती. शोधून काढली होती मी. शोधून काढल्याशिवाय राहिले नव्हते.

३ एप्रिल

शोधून काढलं. फार शोधावं लागलंच नाही.

धाकटीला समोर बसवलं आणि विचारलं, मागच्या टाकीत हात घातला होतास का? म्हणाली, हो, पंधरा दिवसांपूर्वी तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा हवेची नळी निसटली होती, बुडबुडे बंद झाले होते, मासे वर येऊन तोंड उघडत होते, म्हणून हात घालून नळी लावली. मग? मग भाऊजींची जेवायची वेळ झाली होती. मग? मग निळीलाही खाऊ घातला, भाऊजींना आवडतं म्हणून. हात पुसले होतेस? "ओलेच होते बहुतेक," म्हणाली. आणि मी पुढचं बोलायच्या आत, "माझंच चुकलं ताई. माझंच चुकलं. माझीच चूक आहे."

इतक्या झटपट कबूल झाली की शंकेला जागाच उरली नाही. खोटं असतं तर काही तरी बचाव केला असता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, असं म्हटलं. पंधरा दिवस माझ्या तोंडावर "हो ताई, हो ताई" करत होतीस आणि पाठ फिरली की हात घालत होतीस. म्हटलं, त्या माणसाकडे उरलंय काय जगात? एक मासा. तोही तुला बघवला नाही. म्हटलं, जा. आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून जा.

ह्यांनी एवढा आरडाओरडा केला की शेजारून कुणीतरी दार वाजवलं. ह्यांचंही मन तिच्यावरून उठलेलं दिसलं. साहजिक आहे.

जावईबापूला मीच फोन केला. तासाभरात गाडी घेऊन हजर. "काळजी करू नका ताई, मी बघतो आता," म्हणाला. धाकटी पिशवी घेऊन गाडीत बसली. मागे वळून पाहिलं नाही. सपाता विसरली, बूट माझे घालून गेली.

५ एप्रिल

निळीला पकडायला दीड तास लागला. चौदा वर्षांत तिला कुणी जाळी दाखवली नव्हती. ह्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं. शेवटी कोपऱ्यात सापडली. मोठ्या टबात पाणी तयार करून तांबं सुरू केलं. मोठ्या टाकीत आता एकही मासा नाही आणि अडीच महिने असणार नाही. किड्याला उपाशी मारायचा तोच मार्ग आहे. गोगलगायी तेवढ्या फिरतात.

मागच्या खोलीतलं जोडपं ठणठणीत. अंगावर एक ठिपका नाही.

८ एप्रिल

निळी खात नाही. रंग उतरला, राखेसारखा झाला. टबाच्या तळाशी एका कुशीवर. मी हाताने धरून पाण्याच्या धारेसमोर उभी केली, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. पाठ भरून आली माझी. मी तिला म्हटलं, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी थांब. माणूस माशाशीसुद्धा बोलायला लागतं.

हेही खात नाहीत. माझ्या चमच्यापुढे तोंड घट्ट मिटतात.

९ एप्रिल

निळी गेली. पहाटे पाहिलं तेव्हा गेलेली होती. कल्ले उघडे.

ह्यांना सांगायचं कसं ते कळेना. ओल्या फडक्यात घेऊन ह्यांच्याजवळ नेली. म्हटलं, माणूस गेलं तरी नातेवाइकांना दाखवतोच की आपण. ह्यांनी डाव्या हाताचं एक बोट तिच्या अंगावरून फिरवलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता. राग परवडला असता.

१३ एप्रिल

नळीने अन्न सुरू करावं लागेल, डॉक्टर म्हणाले. हे छताकडे बघतात.

धाकटीला फोन केला, भरवायला तरी ये म्हणावं म्हणून. खरं तर राग अजून गेलेला नाही, पण गरजवंताला अक्कल नसते. जावईबापूने उचलला. ती झोपली आहे म्हणाला. सकाळी अकराला.

१७ एप्रिल

मागच्या टाकीतलं तांबं मोजत होते. रोजचंच. नळीत पाणी, त्यात थेंब, रंग निळा होतो, कागदावरच्या रंगाशी जुळवायचा. बरोबर होतं. चौदा मार्चपासून एकही दिवस कमी पडलेलं नाही. या वहीतच लिहिलेलं आहे. मारायला पुरेल एवढं तांबं.

आणि मग नळी तशीच हातात धरून मी खाली बसले.

त्या पाण्यात किडा जगूच शकत नाही. जगू नये म्हणूनच तर मी रोज मोजते. मग त्याच पाण्यात भिजलेल्या हातावरून जिवंत किडा निळीकडे जाईल कुठून? ह्या दोघांच्या अंगावर तर अजून एक ठिपका नाही. ज्या वॉर्डात एकालाही ताप नाही तिथून साथ बाहेर जात नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे शिकवायची.

मग मोठ्या टाकीत त्या दिवसांत बाहेरून आलं काय? ओलं असं काय आलं?

माशांच्या टाकीतल्या गोगलगायी. कठीण कवचाच्या. पिशवीतल्या पाण्यासकट, माझ्या हाताने.

ह्यांच्याकडे गेले. "गोगलगायी?" एवढंच विचारलं. ह्यांनी डोळे मिटले आणि उघडले. 'अं' म्हणाले, अगदी हळू. महिनाभर हा माणूस तेच ओरडून सांगत होता आणि मी त्याला झोपेची गोळी दिली.

खूप रडले. मग ताबडतोब धाकटीला फोन लावला. ह्या वेळी फोनवर तीच आली, पण मागे त्याच्या खोकल्याचा आवाज होता. मी म्हटलं, तुझी चूक नव्हती गं, तुझी काही चूक नव्हती. ती म्हणाली, "मी बरी आहे ताई. इकडे सगळं छान आहे." मी काय सांगत होते आणि ती काय बोलत होती. परत म्हटलं, ऐकतेस ना? "हो ताई. ठेवते."

१९ एप्रिल

काल ह्यांच्याजवळ बसायला कुणी मिळालं नाही. आज व्यायामवाल्या बाईंना दोन तास थांबा म्हटलं आणि गेले.

तिसरा मजला. दारावर पितळेची कडी, घासून लखलखीत केलेली. तिने साखळी लावूनच दार उघडलं. उकाड्यात पूर्ण बाह्यांचं घातलेलं.

"कशाला आलीस ताई? हे कामावर गेलेत, पण येतील."

सगळं सांगितलं. गोगलगायी, तांबं, सगळं. ती ऐकत होती, पण नवीन काही ऐकतेय असं तोंडावर दिसेना.

"मला माहीत होतं," म्हणाली. "म्हणजे किड्याचं नव्हे. पण भाऊजी त्या पिशवीवरूनच ओरडत होते, एवढं कळलं होतं. मी बोलले होते तुला."

"मग त्या दिवशी 'माझंच चुकलं' का म्हणालीस?"

"ते लवकर म्हटलं की लवकर संपतं."

साखळीच्या फटीतून मी तिचा हात धरला. बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत. डाग किती दिवसांचा आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पिवळट म्हणजे जुने, हिरवट मधले, जांभळे ह्याच आठवड्यातले. पिवळट फारसे नव्हतेच. आणि जिन्यात पडलेल्या बाईच्या दंडावर ओळीने चार बोटं उठत नाहीत, हे मला मार्चमध्येही माहीत होतं. माशाच्या अंगावरचा कण मी भिंगातून पाहिला होता.

"चल," म्हटलं. "आत्ता. पिशवी नको, काही नको. खाली गाडी उभी आहे."

तिने हात सोडवून घेतला, हळूच, मला लागू नये असा.

"कुठे येऊ ताई?"

"घरी. माझ्याकडे."

"आले होते की."

मी म्हटलं, चुकले मी, वाटेल ती शिक्षा दे, पण इथे राहू नकोस. भाऊजी जेवत नाहीत तुझ्यावाचून. त्यांच्यासाठी तरी चल. हे म्हटलं आणि लगेच कळलं की हे म्हणायला नको होतं. आत्ताही मी तिच्यासाठी मागत नव्हते.

ती बराच वेळ बाहीचं बटण लावत राहिली.

"इथे मारतात ताई," म्हणाली. "पण जा म्हणत नाहीत."

मग माझे बूट फटीतून बाहेर सरकवले, पुसून ठेवलेले, आणि दार लावलं. मी कडी वाजवली. हाका मारल्या. वरच्या मजल्यावरचं दार उघडून कुणीतरी वाकून पाहिलं आणि परत लावलं.

घरी आले तेव्हा हे दाराकडे बघत होते. माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुणी येतंय का ते. मी म्हटलं, "नाही आली." ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. उद्या पुन्हा जाईन, परवाही जाईन. दार उघडेल की नाही, माहीत नाही.

तीस वर्षांत ताप उतरल्याशिवाय मी एकही पेशंट घरी जाऊ दिला नाही. डॉक्टरांशी भांडले, नातेवाइकांशी भांडले. बहिणीला न्यायला मात्र मीच फोन करून गाडी बोलावली.